व्याहीबुवांच्या रॅकेटचा ताण

आदरणीय व्याहीबुवांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. (पैकी विशेष ते घडून गेलं, आता विनंतीच काय ती उरली.) प्रकृती कशी आहे? तुमची सून, म्हणजे आमची लेक, फोनवर म्हणाली की गुडघा आता कुरकुरत नाही. फार बरं वाटलं. तरी हे पत्र बसूनच वाचा.

तर तुमची टेनिसची लाकडी रॅकेट. इथून निघायच्या आदल्या दिवशी तिची तार तुटली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमचा दुकानदार फार ताण देतो हो." झालं! मला वाटलं, काय लेकाचा दुकानदार, एवढ्या सज्जन माणसाच्या डोक्याला ताण देतो! लेकीच्या सासऱ्याला कुणी छळावं आणि आपण हातावर हात ठेवून बसावं, हे माझ्या जिवाला सोसेना. म्हणून छातीठोकपणे बोलून गेलो, "राहू द्या इथेच, मी घरीच विणून ठेवतो." तार जास्त खेचली की चेंडू दगडासारखा लागतो आणि कोपर धरतं, त्याला तुम्ही ताण म्हणत होतात, हे सगळं उरकल्यावर जावईबापूंकडून कळलं. (ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.)

आता विणकामाचं म्हणाल, तर मला गुरू कुणी नाही, पण घरातल्या वेताच्या खुर्च्या सगळ्या माझ्या हातच्या. खुर्ची विणायची म्हणजे एका कडेला धरायचं ते दुसऱ्या कडेलाच सोडायचं. मी रॅकेटही तशीच धरली. टेबलाच्या कडेला ती करकचून बांधली, डावीकडच्या पहिल्याच भोकातून तार ओवली आणि खेचायला खाली पाण्याने भरलेली बादली टांगली. (कल्पना माझीच, दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.) तरी तार ढिली वाटली म्हणून बादलीत इस्त्री ठेवली. आमच्या सौ. दारातून म्हणाल्या, "अहो, ती पपईसारखी दिसायला लागलीय." मी म्हणालो, "तू तुझं काम बघ." त्या स्टूल घेऊन तिथेच बघत बसल्या. अर्ध्यावर आलो आणि काडकन आवाज झाला. बादली माझ्या पायावर, पाणी सतरंजीवर आणि तुमची रॅकेट खांद्यापासून उभी चिरलेली. "झाली खुर्ची?" एवढंच विचारून सौ. पुसायला फडकं आणायला गेल्या.

रॅकेट म्हणे मधून सुरू करतात. एक तार डावीकडे, की लगेच एक उजवीकडे. दोन सुनांशी वागावं तसं. नाहीतर एका बाजूचा रुसवा सगळी चौकट वाकवतो. एवढं साधं, पण विचारायला तोंड उघडलं नाही.

खरं सांगू? पायाचा अंगठा काळानिळा झालाय, त्याचं काही नाही. पण रॅकेटच्या मुठीला तुमच्या बोटांचे खळगे पडलेत, ते बघवत नाहीत. विहीणबाई गेल्यापासून तुम्ही उंबरा ओलांडत नव्हता. इथे आलात, पहिल्या सकाळी कोर्टावरच्या बाकावर नुसते बसून राहिलात, आणि दुसऱ्या सकाळी मला जाळीपाशी पळवून पळवून खो खो हसलात. लेकीने ते हसू फोनवरून ऐकलं आणि ती रडली. आता रॅकेट गेली, खेळही गेला म्हणून तुम्ही पुन्हा दार लावून घेतलंत तर? या विचाराने घास गोड लागत नाही. चूक पदरात घ्या. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. माझ्या वाट्याला काय, ते तुम्ही ठरवा.

आपला अपराधी व्याही

ता. क. : मधून सुरू करायचं कळल्यावर हात स्वस्थ बसेनात. स्वतःची रॅकेट उसवून पुन्हा विणली. आकार शाबूत आहे. तारा मात्र इतक्या सैल, की चेंडू आत जाऊन जरा विचार करतो आणि मग परत येतो. कोपराला काडीचा त्रास नाही.

ता. क. दुसरा : ती तुमची. पोस्टाने पाठवणार नाही, घ्यायला यावं लागेल. पुढच्या रविवारचं कोर्ट ठरवून आलोय. सोबत कोण, असं तिथल्या माणसाने विचारलं तेव्हा तुमचं नाव सांगून मोकळा झालो. मी उसनी रॅकेट आणीन. रागवायचं असेल तर जाळीच्या पलीकडून रागवा, मला नीट ऐकू येईल.