शेवटचं रीळ गिरिजासाठी

मी, प्रल्हाद त्र्यंबक देवस्थळे, वय ६६, राहणार ॲन आर्बर, मिशिगन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (पत्नी शैलजा शेजारी बसली आहे, तरीही) लिहून ठेवतो की:

१. घर, गाडी, बँकेतली शिल्लक शैलजाची. नर्सच्या ड्यूट्या करून तिने संसार उभा केला. तिचे उपकार फिटणार नाहीत.

२. बर्फाचं फावडं शेजारच्या रवीकडे आहे. नेऊन तीन हिवाळे झाले. त्याच्याकडेच राहू दे. मात्र शैलजाच्या दारातला बर्फ त्यानेच काढावा, तोही सकाळी आठच्या आत.

३. प्रोजेक्टर आणि हॉलिवूडच्या एका जुन्या बोलपटाची चार रिळं माझा मित्र गुरुदत्त याच्या मुलीला, गिरिजाला. युनिव्हर्सिटीच्या फिल्म लायब्ररीत मी रिळं दुरुस्त करायचो. ही प्रत भंगारात निघाली तेव्हा घरी आणली. गोष्ट तोतया डॉक्टरची आहे. शेवटी एक पोर आजारी पडतं आणि त्या तोतयाला सर्वांसमोर खरं सांगावं लागतं. ते शेवटचं रीळ मी पडद्यावर कधी लावलं नाही.

४. कारण मी डॉक्टर नाही. नागपुरात कंपाउंडर होतो. १९७८ साली इथल्या पहिल्याच गणपतीत एका आजोबांना चक्कर आली. मी नाडी धरली, मीठ-साखरेचं पाणी दिलं. लोकांनी डॉक्टर म्हणून पहिल्या पंगतीत बसवलं. श्रीखंड होतं. गप्प बसलो, तो आजतागायत. पुढे 'युनिव्हर्सिटीत असतो' एवढ्यावर भागत गेलं.

५. गिरिजा, तू सहा वर्षांची असताना तुझं पोट दुखत होतं. तुझ्या बाबांनी मला बोलावलं. मी नाडी बघून म्हणालो, "गॅस आहे, ओवा द्या." दुसऱ्या दिवशी शैलजाने तुझ्या पोटाला हात लावला आणि मला एवढंच म्हणाली, "गाडी काढा." अपेंडिक्स फुटलं होतं. तू वाचलीस ती तिच्यामुळे आणि त्या सर्जनमुळे. तुझी आई मात्र माझ्या पाया पडली, आणि तू 'काकांसारखी डॉक्टर होणार' म्हणत खरोखरच झालीस. त्यानंतर मी कोणाला ओवासुद्धा दिला नाही, पण तोंडही उघडलं नाही. त्याची लाज वाटते.

तुम्ही सर्वांनी मला जीव लावला, माझी लायकी नसताना. मी मनापासून ऋणी आहे. श्रद्धांजलीत माझ्या नावामागे 'डॉ.' लावू नये.

६. मृत्युपत्राला डॉक्टरांचा दाखला जोडायची आपल्याकडे पद्धत आहे. इथला वकील हसला, हसू दे. दाखला गिरिजाने द्यावा, पण हे सगळं वाचून. नाही दिला तरी तक्रार नाही, रिळं तिचीच.

साक्षीदार: सुमित्रा गोडबोले, सत्यजित खांडेकर
सही: प्रल्हाद त्र्यंबक देवस्थळे
ॲन आर्बर, १४ ऑक्टोबर २००६

दाखला: सर्व वाचलं. दोन दिवस मी काकांशी बोलले नाही. आज श्री. देवस्थळे यांना तपासलं. ते पूर्ण शुद्धीत आहेत. या वेळी नाडी मी धरली.
काका, शेवटचं रीळ मी एकटी बघणार नाही. रविवारी येते, तुम्हीच लावा.
डॉ. गिरिजा, १६ ऑक्टोबर २००६