सगुणा मावशी, तुम्ही तीनदा आला होतात

प्रिय सगुणा मावशी,

परवा हॉस्पिटलात तुमची शोकसभा झाली. खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला होता, हार घातला होता. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही वॉर्डच्या इन्चार्ज. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंत. दोन शब्द बोला." मी उभी राहिले आणि काय बोलले, ठाऊक आहे? "मावशी फार प्रेमळ होत्या. सगळ्यांशी हसून वागायच्या." आणि खाली बसले.

तुम्ही आणि हसून! ओल्या फरशीवरून कुणी चपला घालून गेलं तर डॉक्टरांनाही सोडत नव्हतात तुम्ही.

जे बोलायला हवं होतं ते मनातच राहिलं. काल तुमच्या घरी जाऊन आले. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ती दुपार. प्रसूती वॉर्ड भरलेला होता, दुसऱ्या दिवशी वरून तपासणी यायची होती आणि मी टेबलाशी रजिस्टरं पुरी करत बसले होते. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली पोरगी सकाळी बाळंत झाली होती. पहिलटकरीण. दुखतंय, खुपतंय, काही म्हणून बोलायची नाही. बाळाला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून होती.

तुम्ही तिची चादर बदलून माझ्याकडे आलात. "शिष्टर, पाच नंबरची चादर पार भिजली. जरा बघता का?"

मी मानसुद्धा वर केली नाही. "मावशी, बाळंतपणानंतर रक्त जातंच. दुसरी घाला."

थोड्या वेळानं पुन्हा आलात. "शिष्टर, दुसरी बी गेली. पोर हाताला गार लागते."

तेव्हा मी जे बोलले ते आजही कानात आहे. शिकाऊ पोरी समोर उभ्या होत्या. "नर्सिंगचा कोर्स तुम्ही केलाय की मी? तुम्ही तुमचं काम करा ना!" पोरी फिसकन हसल्या. तुमचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मी पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं होतं.

तिसऱ्यांदा तुम्ही आलात तेव्हा हातात चादर होती. ती तुम्ही थेट माझ्या उघड्या रजिस्टरावर ठेवलीत. "माझं शिक्षान नाय झालं, शिष्टर. पन रगत मला बी दिसतं."

मी धावले. पोरीचं पोट हाताला मऊ लागलं, गर्भपिशवी आवळलीच नव्हती. नाडी सापडेना. मी डॉक्टरांना हाक मारली, पोट चोळायला घेतलं, शिकाऊ पोरींनी दोन्ही हातांना सलाईन लावलं. तुम्हाला कुणी सांगायच्या आधीच तुम्ही पलंगाची पायाकडची बाजू उचलून धरली होतीत. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, रक्त आलं, चढलं. तोवर बाळ तुमच्या खांद्यावर होतं, आणि तुम्ही त्या पोरीला सारख्या हाका मारत होतात, "डोळे उघड गं बाय, तुझी लेक बघ रडते." संध्याकाळी तिनं पाणी मागितलं. किती साधी गोष्ट, पाणी मागणं! मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

इथवर चूक होती, मावशी. पुढं जे झालं त्याला मी नुसती चूक म्हणू शकत नाही.

आठवड्यानं मीटिंग झाली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टरांच्या लक्षात वेळेवर आलं म्हणून एक बाई वाचली." टाळ्या वाजल्या. तुम्ही दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होतात. मी तुमच्याकडे पाहिलं आणि... मान खाली घालून टाळ्या घेतल्या. एवढंच म्हणायचं होतं, "मला नाही, मावशींना समजलं." चार शब्द! नाही आले तोंडून.

तुम्ही चहा वाटलात. माझ्यापुढं कप ठेवलात. का नाही बोललात? तिथल्या तिथं का नाही फाडलंत मला?

नंतर मी माझ्या परीनं भरपाई करायला गेले. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला प्रत्येक पेशंटची माहिती देते, त्या 'ओव्हर'ला मावशींनीही पलंगाशी उभं राहायचं, असा नियम केला. सिस्टर कुरकुरल्या. तुम्हीही कुरकुरलात, "मला कशाला उभं करता? माझी फरशी राहिली हाय." पण चार दिवसांत बोलायला लागलात. दोन नंबरच्या बाईनं डब्याला हात लावला नाही. सात नंबरची सासू बाळाला मध चाटवते. आमच्या कागदावर यातलं काहीच नसायचं. वॉर्ड सुधारला आणि त्याचंही नाव माझंच झालं.

आणि तुमचे पाय? ते रोज सुजत होते, ते आमच्यातल्या एकीलाही दिसू नये? "उभ्यानं काम करता ना, म्हणून," असं मीच एकदा म्हणाले होते. तुमचं हृदय थकत चाललं होतं आणि आम्ही इतक्या शिकलेल्या बायका तुमच्या भोवती फिरत होतो. पण तुम्हीही कमाल केलीत हं! त्या पोरीसाठी तीनदा आलात. स्वतःसाठी एकदा टेबलाशी यावंसं वाटलं नाही? की आला असतात तर मी पुन्हा तेच म्हणेन, असं वाटलं?

काल खालापूरकडे, तुमच्या गावी गेले. तुमची लेक सुनंदा ओटीवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. वाटलं होतं, तिला हे नवीन असेल.

"आईनं सांगितलेलं मला," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन लय रडली. पोरी हसल्या ते तिला लागलं. मी बोलले, सोड ती नोकरी. तर बोलली, मी नाय गेले तर त्या वाडीवरच्या पोरींचं कोन बोलनार? त्या तर तोंडच उघडत नाय."

मला वाटत होतं तुम्ही विसरलात, मावशी. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारख्या फरशी पुसत होतात, मला "पाय उचला शिष्टर" म्हणाला होतात. मी सोयीनं समजून घेतलं की झालं गेलं संपलं.

मी सुनंदाची माफी मागितली. ती मला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आली.

उद्या सकाळी ओव्हरला नव्या शिकाऊ पोरी असतील, तुमच्या जागी आलेली नवी मावशी असेल, डॉक्टरांनाही मी बोलावलं आहे. त्या सगळ्यांसमोर तुमचं नाव घेऊन सांगेन की मावशी तीनदा आल्या, दोनदा मी त्यांना परत पाठवलं, आणि टाळ्या मी घेतल्या. काय म्हणायचं ते म्हणू देत.

आणि यापुढं कुठलीही मावशी मला "जरा बघता का" म्हणाली, तर पेन खाली ठेवून उठेन. उगीच उठावं लागलं तर उगीच उठेन.

तुमची,
वैशाली सिस्टर