हिरवं छप्पर

३ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

एकाच गुंडाळीतला तांब्याचा पत्रा आपण दोघांनी एकाच आठवड्यात ठोकला. तू बंदरावरच्या कचेरीवर, मी इथल्या वाचनालयावर. आठ वर्षांत तुझं छप्पर हिरवंगार झालं आणि लोक थांबून फोटो काढतात म्हणे. माझं अजून करपलेल्या पातेल्यासारखं तपकिरी. उघडच लिहितो, माझा जळफळाट होतोय. महिनाअखेर आपले आप्पा दोन्ही छपरं बघून, त्यांच्याकडे आलेलं नव्या घुमटाचं काम आपल्यापैकी एकाला देणार आहेत. काय लावलंस ते सख्ख्या भावाला तरी सांग.

लोभ आहेच, तो असाच वाढव.
तुझा दादा

९ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काहीही लावलेलं नाही, आईशपथ. तांबं हवेनं आधी तपकिरी होतं. मग वर्षानुवर्षं ओल, पाऊस आणि हवेतले वायू लागून त्यावर हिरवा थर धरतो. इथे समुद्राची खारी हवा, म्हणून लवकर धरला. तुझ्याकडे अजून दहा-बारा वर्षं तरी लागतील. त्यात माझं कर्तृत्व शून्य. शाळेत माझ्या अक्षरावर जळायचास, आता वाऱ्यावर जळतोस! उगाच काही करून बसू नकोस.

रागावलास तरी लोभ असू दे.
तुझी धाकटी

२८ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

मला वाटलं, तू लपवतेयस. आठ दिवस मीठ आणि व्हिनेगर फवारलं. छान हिरवं झालं, मी मिशीत हसलो. आप्पा यायच्या आदल्या दिवशी पाऊस पडला आणि सगळा रंग पांढऱ्या भिंतीवर उतरला. आप्पांनी भिंतीवरचे ओघळ बघितले. शिडी लावून वर गेले, तासभर सांधे चाचपले आणि तुझ्याकडची गाडी धरली. घुमट तुझाच. अभिनंदन. दातओठ खात लिहितोय, पण लिहितोय.

लोभ कमी करू नकोस.
दादा

३ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न.

आप्पा येऊन गेले. हिरव्या रंगाकडे त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि थेट माळ्यावर चढले. तिथे माझ्या दोन बादल्या होत्या, अर्ध्या भरलेल्या. दोन वर्षं माझं छप्पर गळतंय, दादा. खाली लोक फोटो काढतात आणि वर मी बादल्या रिकाम्या करते. कुणाला बोलले नाही, तुला तर नाहीच. जेवताना आप्पा म्हणाले की दादाच्या सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. भिंत तू स्वतः धुवून द्यायचीस आणि घुमट तुझा.

अभिनंदन लिहायला बसले होते, तीन कागद फाडले. आठ दिवस मला पत्र पाठवू नकोस. पोटभर जळून घेऊ दे.

लोभ आहे, आज तेवढा मागू नकोस.
धाकटी