मंडळाचं नाव सगळ्यात वर

सिंदी मेघे, वर्धा
९ फेब्रुवारी २००५, बुधवार

गिरडच्या कौशल्याबाईस, तिच्या जुन्या मैत्रिणीचा, म्हणजे शोभाबाईचा, हात जोडून रामराम. घरातल्या लहानांना माझा आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि तुझ्या त्या मारक्या गाईला लांबूनच.

इकडे सगळ्यांच्या प्रकृती जागेवर आहेत. माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू सेवाग्रामचे डॉक्टर उन्हाळा संपल्यावर काढतो म्हणाले (मोतीबिंदूच काढणार, डोळा नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं). तुझा खोकला कसा आहे? काढा पितेस की सुनेची पाठ वळली की तुळशीत ओततेस? मला सगळं माहीत आहे. हे पत्र माझी नात अंजू लिहीत आहे. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते; म्हणते, पत्रात बरं दिसतं. दिसू दे. शब्द माझे, कपडे तिचे. मी आवाज खाली आणून काही बोलले की ती कागदावर दोन चंद्रकोरी काढते आणि ते बोलणं मधे बसवते. फोन केला असता, पण तुमचा फोन तुझ्या लेकाच्या दुकानात, आणि दुकानात बोललेलं समुद्रपूरपर्यंत पोचतं.

आता जे सांगितल्याशिवाय मला चहा गोड लागणार नाही ते आधी सांगते. काल मंगळवारी अंजूचं काम चाललं! नागपूरची नोकरी पक्की झाली. तीन आठवडे या घरात कोणी मोठ्यानं हसलं नव्हतं. आज सकाळी कुकरची शिटी झाली तरी सगळे हसले.

तुला एवढं माहीतच आहे, की वीस तारखेला, रविवारी, तुझा नातू रुपेश अंजूला पाहायला येणार, असं माझ्या लेकानं, हेमराजनं, आणि तुझ्या लेकानं ठरवून टाकलं. तुला माहीत नाही ते सांगते. त्याच आठवड्यात अंजूच्या नागपूरच्या ऑफिसनं तिला कळवलं, की तीन महिने कच्ची नोकरी झाली, आता ऑफिसचा कॉम्प्युटर घरी नेऊन हे एक काम कर, आठ तारखेच्या मंगळवारी जोडून चालवून दाखव, तर पक्की. झालं. हेमराजनं दोन्ही गोष्टींची एकच गाठ मारली. जेवताना पोरीला म्हणतो, “मंगळवारी तुयं काम चाललं तं जाय नागपूरले, लग्नाचं मंग पाहू. नाई चाललं तं वीस तारखेले पोह्याचा ट्रे घेऊन गुपचूप बाहेर येजो.” (तुझ्या रुपेशमध्ये काही खोट नाही. मास्तर आहे, खाली पाहून बोलतो, चहाची कपबशी आपल्या हातानं उचलून ठेवतो. पण पोरगी नापास झाली म्हणून शिक्षेत नवरा द्यायचा, ही कुठली रीत? रुपेशचाही त्यात अपमानच.)

काम काय होतं ते ऐक. तीन आठवडे ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. वर्ध्यात रक्त देणाऱ्यांचं एक मंडळ आहे. नानाजी त्याचे सचिव. कोणाला रक्त लागलं की नानाजी आधी चष्मा शोधतात, मग वही शोधतात, मग वहीतलं पान शोधतात. तोवर पेशंट कंटाळून आपला आपणच बरा व्हायला लागतो. म्हणून मंडळानं ठरवलं, की यादी कॉम्प्युटरवर घ्यायची. रक्ताचा गट टाकायचा, तालुका टाकायचा, की पडद्यावर दात्यांची नावं आणि फोन नंबर. या कामाचे दोन भाग. मागचा भाग अंजूचा. तो सर्व्हर नावाच्या मशीनवर बसतो, दिसत कोणालाच नाही, आणि यादीतून बरोबर माणसं शोधून काढतो. पुढचा भाग तिच्या ऑफिसातल्या भूपेंद्रचा. तो नागपूरला बसून साचे करतो: मथळा कुठे, रेघा कुठे, लाल रंग कुठे.

आपल्या पंगतीसारखंच समज. आचारी पंगतीत येत नाही, वाढपी कढईत हात घालत नाही. अंजूचा भाग आचारी. तो एकेक जिन्नस भांड्यात घालतो आणि भांड्यावर चिठ्ठी लावतो: हे दात्याचं नाव, हे गाव, हा गट. चिठ्ठ्या लावून द्यायच्या या पद्धतीला ते एक्सएमएल म्हणतात. भूपेंद्रचा भाग वाढपी. तो दारात उभा राहून चिठ्ठीचं नाव पुकारतो, भांडं आलं की पानात वाढतो. मी विचारलं, काऊन एवढं सोवळं-ओवळं? अंजू म्हणाली, उद्या मंडळाला लालऐवजी हिरवं पान पाहिजे झालं तर स्वयंपाकघराला धक्का लागत नाही. मला ते पटलं. (आमच्याकडे स्वयंपाकघराला धक्का न लावता आजवर एक खुर्ची सरकली नाही.)

अंजूचा भाग एकटा चालवला की फर्स्टक्लास. भूपेंद्रचा भाग एकटा चालवला की त्याहून फर्स्टक्लास. त्यानं पाहून घ्यायला म्हणून आपल्या मामा-मावशांची खोटी यादी भरली होती, तीस माणसं रक्त द्यायला रांगेत. पण दोन्ही भाग जोडले आणि पाहिलं, तर वर मथळा, बाजूला रक्ताचा थेंब, खाली तक्त्याच्या सुंदर रेघा, आणि रेघांमध्ये काही नाही. पत्रावळी मांडल्या, रांगोळी काढली, उदबत्ती लावली, आणि वाढायला कोणी आलंच नाही. बरं, मशीननं तक्रार करावी, तेही नाही. चूक झाली की ते लाल अक्षरात ओरडतं म्हणे. इथे ओरडणं नाही, रडणं नाही, नुसतं मौन. मी म्हटलं, अंजू, कदाचित जिल्ह्यात खरंच कोणी रक्त देत नसेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून शेंगा फोडायला गेले.

मग रोज फोनवर भांडण. अंजू म्हणायची, “माझ्याकडून सगळं जाऊन राह्यलं.” तो म्हणायचा, “माझ्याकडं काईच पोचून नाई राह्यलं.” ती म्हणायची, “मंग मधात कोण खाऊन राह्यलं?” (दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत. एक जरी खोटं बोलत असता तर मी शोधून काढला असता.) इकडे हेमराजनं शनिवारी सहा नव्या कपबश्या आणल्या. कपबश्या टेबलावर, आणि पोरगी त्यांच्याकडे पाठ करून बसलेली.

आता नानाजींचं सांगते. माणूस देवासारखा, पण नाव टाकायची भारी हौस. मंडळाच्या खुर्च्यांच्या पाठीवर मंडळाचं नाव, पंख्याच्या पात्यांवर नाव, माठाच्या झाकणावर नाव, चहाच्या गाळणीवरसुद्धा कोरून घेतलं आहे. काम सुरू झालं तेव्हाच अंजूला बजावून गेले होते, “बेटा, मंडळाचं नाव सगळ्यात वर पाह्यजे. जिथं-तिथं. खाली मंग काईबी टाक.” अंजू वडीलधाऱ्यांचं ऐकणारी. तिनं भूपेंद्रला सांगून पानाच्या वर नाव टाकलं, ते ठीक. पण जिथं-तिथं म्हणाले म्हणून तिनं आपल्या आतल्या कागदाच्या डोक्यावरही मंडळाचं नाव बसवून दिलं, जिथे कोणी माणूस कधी डोकावणार नाही. नानाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तीन जणांना सांगितलं, की नाव आतूनही आहे.

सोमवारी दुपारी, उरला एक दिवस, अंजू जेवेना. तिला हसवायचं म्हणून मी आपली दर्ग्याची गोष्ट काढली. तुला आठवतच असेल, तू तर साक्षीला. लग्नात माझं नाव जिजाचं शोभा केलं, ते ताटात तांदळावर अंगठीनं लिहिलं. सगळ्यांनी वाचलं. मला कुठे वाचता येत होतं? मला वाटलं, नक्षी काढली. आणि मी पाहिलं म्हणजे मला कळलं, असं समजून कोणी तोंडानं सांगितलं नाही. आठ दिवस सासू अंगणातून हाका मारायची, “शोभाऽ, ए शोभाऽ,” आणि मी आपली चुलीपुढे, मनात म्हणते, ही शोभा कोण आळशी बाई आहे, उठत काऊन नाई? सासूनं छाती पिटली, की बहिरी पोट्टी गळ्यात मारली. मला घेऊन गिरडला आली, दर्ग्यावर. टेकडीच्या पायथ्याशी तू, तेव्हा नुकतीच गिरडला नांदायला आलेली, मागून ओरडलीस, “जिजेऽ!” मी गर्रकन वळले. सासूनं तिथेच हात जोडले, “ऐकू येते वो हिले!” वर चढायच्या आधीच गुण आला. मरेपर्यंत लोकांना हीच हकीकत सांगत होती, आणि मीही तिचा नवस मोडला नाही.

अंजू हसली नाही. ती उभी राहिली. म्हणाली, “आजी, तू बहिरी नव्हतीस.” मी म्हटलं, हे आता साठ वर्षांनी कळलं का तुला? ती म्हणाली, “सगळी भांडी तिथेच आहेत. हाक चुकीच्या नावानं चालू आहे.” मग मला समजावलं. त्या एक्सएमएलच्या कागदात डोक्यावर तसं नाव बसवलं, की ते नुसतं शोभेचं राहत नाही, खालच्या प्रत्येक चिठ्ठीचं ते घराणं होतं. ‘दाता’ आता नुसता दाता नाही, मंडळाच्या घरचा दाता. भूपेंद्रचा वाढपी दारात उभा राहून नुसतं “दाता, दाता” ओरडतो, आणि आतले सगळे दाते आपले चुलीपुढे बसलेले, की हा कोणा दुसऱ्याला बोलावतो आहे. त्याच्या खोट्या यादीला घराणंच नव्हतं, म्हणून मामा-मावश्या धावत आल्या.

भूपेंद्र फोनवर म्हणाला, सोपं आहे, ते नाव काढून टाक. मी इकडून ओरडले, खबरदार! नानाजींनी तीन जणांना सांगितलं आहे. मग त्यानंच आपल्या साच्यांना शिकवलं, की घराचं नाव लावून हाक मारायची. अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळी पाच वाजता पान भरलं. हिंगणघाट तालुका, बी निगेटिव्ह, अकरा माणसं. मला वाचता येत नाही, पण भरलेलं पान आणि रिकामं पान कळतं. कौशल्ये, मी पडद्यावर त्या अकरा माणसांवरून हात फिरवला.

काल मंडळात नानाजींनी स्वतः बटण दाबलं. खालची नावं त्यांनी वाचलीच नाहीत. वर मंडळाचं नाव पाहिलं, मान हलवली, म्हणाले, “झकास.” नागपूरचे साहेब आले होते, त्यांनी मात्र सगळं वाचलं आणि अंजूला तिथेच सांगितलं, की एकवीस तारखेला, सोमवारी, रुजू हो. घरी येऊन हेमराजनं नवी कपबशी उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाला, “जाय मंग. रजई घेऊन जाजो, तिकडं थंडी राहते.” नागपूर इथून दोन तासांवर आहे, तिकडे काय वेगळी थंडी पडते? पण बाप आहे, त्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं. आपल्या दोघींची नावं बदलली, गावं बदलली, कोणी विचारलं नाही. हिला निदान जा म्हटलं, वर रजई दिली.

तब्येतीला जप, काढा पोटात जाऊ दे. तुझी कितीही नावं बदललेली,
शोभाबाई (तुझ्यासाठी जिजी)

ता.क. खरी गोष्ट राहिली. हेमराजनं पोरीला ‘जाय’ म्हटलं, पण वीस तारखेचा कार्यक्रम मोडायला त्याची जीभ रेटत नाही. तुझ्या लेकाला शब्द दिला आहे ना! म्हणतो, येऊ दे, चहा पाजू. आणि पोरगी दुसऱ्या दिवशी रुजू. तर कौशल्ये, तूच तुझ्या बाजूनं निरोप पाठव, की वीसला जमत नाही. तुझ्या नणंदेकडचं काहीतरी काढ, तिच्याकडे नेहमी काहीतरी असतंच. आमच्याकडून नकार गेला तर दोन्ही बापांची तोंडं फिरतील. तुझ्याकडून आला तर नुसती तारीख फिरेल. अंजूला दोन वर्षं नोकरी करू दे, मग आपण दोघी बसून पाहू. तोवर रुपेशला दुसरीकडे देऊन टाकू नको.

ता.क. २. तुझी पत्रं रुपेशच वाचून दाखवतो, पण हे त्याच्याकडून वाचून घेऊ नको. शेजारच्या चंद्रभानकडे ने.

ता.क. ३. आजी चहा ठेवायला आत गेली आहे, हे मी अंजू लिहिते आहे. रुपेशजी, वरची सूचना शेवटी आल्यामुळे सगळं तुम्हीच वाचलं असणार, त्याबद्दल माफ करा. आजीच्या गोष्टीवरून चूक सापडली हे खरं आहे. ऑफिसात मात्र मी तसं सांगितलेलं नाही. आणि आजी ‘एक वर्ष’ म्हणाली होती. दोन मी लिहिलं. तिला पत्र वाचून दाखवताना मी एकच वाचणार आहे. तुम्हाला दोन चालत असतील, तर तिकडे तुमच्या आजीला तुम्हीही एकच वाचून दाखवा.