खिडकी असलेलं दालन

२ फेब्रुवारी, सोमवार

किळस आली. आमचे विधिमंडळ पक्षनेते काल सत्ताधारी पक्षात गेले. शनिवारच्या बैठकीत विचारधारेवर बोलताना याच माणसाचा गळा भरून आला होता. पाण्याचा ग्लास मी पुढे केला होता.

मागच्या वेळी त्याचं नाव मीच सुचवलं होतं. म्हणजे, मला सुचवायला लावलं. आमच्याकडे पद्धतच आहे. जो सगळ्यात जास्त नाराज असेल, त्यालाच उभं करून दुसऱ्याचं नाव सुचवायला लावायचं. मग बाहेर आल्यावर त्याला तोंड उघडता येत नाही. घाणेरडी पद्धत.

आता अधिवेशनाआधी नवा नेता हवा. आमदार मूठभर उरलो, पण दुपारपर्यंत प्रत्येक जण फोनवर नेत्यासारखा सावकाश बोलायला लागला. मला पदाची हाव नाही. चार टर्म विधानभवनातल्या पक्ष कार्यालयात झेरॉक्स मशीनशेजारच्या खुर्चीत काढल्या, तक्रार केली नाही. पुढच्या वेळी तिकीट मिळेलसं दिसत नाही, तेव्हा ही शेवटची संधी, असं कौशल्या म्हणाली. मी नाही.

संकल्प: या घाणीत उतरायचं नाही. कुणाला फोनसुद्धा करायचा नाही.

आमोदला (माझा पीए) सहज सांगितलं, नेत्याच्या दालनाला खिडकी आहे का, तेवढं बघून ठेव.

४ फेब्रुवारी, बुधवार

फोन केला नाही. प्रत्यक्ष गेलो. प्रदेशाध्यक्षांचा बंगला बाणेरला आहे. मंडईत भाजीला निघालो होतो, वाटेत डोकावलो, असं त्यांना सांगितलं. हातात पिशवी ठेवली होती. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, चहा सांगितला. सभ्य माणूस.

व्हरांड्यात आणखी दोन आमदार बसले होते. तेही वाटेत डोकावलेले. लाचारी किती असावी माणसात.

अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, बापूराव, तुमच्यासारखा माणूस पक्षात दुसरा नाही. आणखी काय बोलायचं राहिलं? माझ्यानंतर आत गेलेले दोघेही हसत बाहेर आले. बहुधा चहा चांगला होता.

घरी सांगितलं. कौशल्या म्हणाली, मंडई घरामागे आहे, बाणेरला भाजी स्वस्त मिळाली का?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

इंद्रजीतचा मेसेज. उद्या हिंजवडीच्या मळ्यावर हुरडा, सगळ्या आमदारांनी यावं. हा इंद्रजीत दीड वर्षापूर्वी दुसऱ्या पक्षातून आमच्याकडे आला. वडिलोपार्जित शेतावर आता आयटीवाल्यांच्या इमारती, उरलेल्या तुकड्यावर हुरड्याचं राजकारण. पक्ष फुटतोय आणि हे कणसं भाजतायत. शिसारी आली. जाणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. गटबाजी आतून पाहिल्याशिवाय तिचा निषेध नीट करता येत नाही.

हुरडा कोवळा होता. लसणाची चटणी, दही, रेवड्या. निषेध म्हणून दुसऱ्यांदा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण आग्रह झाला. दुसऱ्यांदा घेतला. मग तिसऱ्यांदा.

इंद्रजीत सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. म्हणाला, "काका, आमच्यासाठी तुम्हीच नेते हाय." टाळ्या झाल्या. म्हणजे तो माझ्या बाजूनं आहे. पोरगा उथळ आहे, पण मोठ्यांची जाण आहे. त्याला उपनेता करायला हरकत नाही.

आमोद तिथे पंगतीत वाढताना दिसला. नंतर म्हणाला, साहेब, तिकडची बातमी काढत होतो. हुशार मुलगा. खिडकीचं मात्र अजून पाहिलेलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दिल्लीहून निरीक्षक आले. राकेशजी. पंचतारांकित हॉटेलात एकेकाला आत बोलावून मत विचारत होते. बाहेर रांग. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लग्नाला आल्याचा भाव. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याचं मत मलाच. दहा मिनिटांनी तो दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून तेवढ्याच हळू आवाजात बोलत होता. अशांबरोबर काम करायचंय मला.

माझी पाळी आली. राकेशजींनी एवढंच विचारलं, नेता एकमताने निवडला तर आपली काही अडचण? मी म्हणालो, पक्षासाठी मी वाटेल ते करीन. ते खूष झाले. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "आप सबसे सीनियर हैं, शुरुआत आप ही करेंगे."

लिफ्टमध्ये हे वाक्य तीनदा मनात म्हटलं.

कौशल्याला सांगितलं. तिनं विचारलं, "सुरुवात कशाची?"

तिला राजकारण कळत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक उद्या. भाषण पाठ. सुरुवात: 'सहकाऱ्यांनी माझ्यावर टाकलेला विश्वास...' इथे थांबायचं, चष्मा काढायचा.

ऐन वेळी धावपळ नको म्हणून हार आपणच नेलेला बरा. मंडईत जाऊन गुलाबाचा सांगितला. (या वेळी खरोखर मंडईत गेलो.) फूलवाल्यानं लांबी विचारली. घरी फोन लावला. कौशल्या म्हणाली, जरा मोठाच सांगा, अहो. किती वर्षांनी तिच्या बोलण्यात एवढं कौतुक ऐकलं.

पेढेही घेतले. नवं जाकीट घालून पाहिलं. आमोद दिवसभर फोन उचलत नाही. कामात असेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळी

झालं.

सकाळी हॉल भरला. राकेशजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. उठलो. 'सहकाऱ्यांनी माझ्यावर टाकलेला विश्वास' म्हणालो, चष्मा काढला. तेवढ्यात अध्यक्षांनी जाकीट ओढलं आणि हातात चिठ्ठी दिली. चष्म्याशिवाय वाचता येईना. घातला. 'नेतेपदासाठी मी श्री. इंद्रजीत यांचं नाव सुचवतो.'

सगळे माझ्याकडे बघत होते. कॅमेरेसुद्धा.

वाचलं.

माझं वाचून होण्याआधीच टाळ्या तयार होत्या. ज्यानं हळू आवाजात मला मत दिलं होतं, त्यानं अनुमोदन दिलं. मग हाराची शोधाशोध झाली. कुणीच आणला नव्हता. आमोद माझ्या गाडीतून धावत हार घेऊन आला. सकाळपासून तो इंद्रजीतच्या मागे उभा होता, तेव्हा मला वाटलं, बातमी काढतोय.

इंद्रजीतची मान जाड आहे. हार नीट बसला.

बाहेर पत्रकारांनी विचारलं, आपण नाराज आहात का? नाराज माणूस दुसऱ्याचं नाव सुचवेल का, असं मीच उलट विचारलं. उत्तर चांगलं झालं. मागच्या वेळीही हेच दिलं होतं.

घरी कौशल्यानं टीव्हीवर पाहिलं असणार. पेढ्यांचा बॉक्स उघडून एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला. म्हणाली, पेढे चांगले आहेत.

पक्ष सडलाय. संकल्प: उद्या सकाळी अध्यक्षांना राजीनामा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

राजीनामा दिला नाही. पेपरात फोटो आहे. हार घालणारी पाठ माझी. जाकीट पाठीवर नीट बसलंय.

दुपारी आमोदचा फोन आला. विधानभवनातून बोलत होता. म्हणाला, साहेब, तुम्ही विचारलं होतं ना, दालनाला खिडकी आहे. मोठी आहे, उजेड चांगला येतो.

त्याचं स्वतःचं टेबल खिडकीलाच लावलंय म्हणे.