गॉगलवाल्या बाईंचे गुडघे

३, सोमवार. सकाळी ९.
बाथरूममध्ये पाय घसरला त्याला दोन महिने झाले. मुलाचा हुकूम तोच: आई, एकटीनं खाली उतरायचं नाही. मी काय दुधाची पिशवी आहे फुटायला? आजपासून रोज पाच ते सहा बाहेर जाणार. निश्चय पक्का.

संध्याकाळी ६.१५.
गेले! सांगितलं, मागच्या बिल्डिंगमधली मैत्रीण सोबत असते. मैत्रीण नाही. पण असती तर आलीच असती, म्हणजे खोटं निम्मंच. बसस्टॉपच्या बाकावर एकटी बसले. उतरणाऱ्यांच्या चपला बघितल्या. एकाची धड नाही. फार बरं वाटलं.

५, बुधवार.
सून विचारते, नाव काय हो त्यांचं? म्हटलं, सगळे गॉगलवाल्या बाईच म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. गुडघेही गेलेत. बस. यापुढे एक अक्षर वाढवायचं नाही.

६, गुरुवार.
वाढवलं. बाईंचा नवरा तापट होता, जेवताना ताट सरकवायचा, आता हयात नाही. सून हळहळली. माझ्याच नवऱ्याचे गुण दिले. नवे कुठून आणू?

९, रविवार.
नात कॉलेजात तर्कशास्त्र शिकते. तिला शपथ घालून खरं सांगितलं. आधी हसून लोळली, मग मास्तरीण झाली. म्हणे, आजी, जी बाई नाहीच, तिचे गुडघे दुखतात हे खरंही नाही आणि खोटंही नाही. म्हटलं, चल गं शहाणे! बाईंना दाढी आहे म्हण बघू. आता लगेच खोटं वाटलं की नाही? मग गुडघे खरे. चौथी पास बाईनं कॉलेज गप्प केलं.

१२, बुधवार.
सून म्हणते, बाईंना चहाला बोलवा. म्हटलं, चहा चालत नाही. मग कॉफी? पित्त. सरबत? शुगर. नुसत्या गप्पा मारायला येऊ देत की! लिफ्टची भीती वाटते त्यांना. आणि जिन्यानं चार मजले, त्या गुडघ्यांनी? जमलं. सून म्हणाली, मग मीच जाऊन भेटते. म्हटलं, खुशाल भेट. सापडायला बाई असायला नको?

१५, शनिवार. दुपारी २.
सापडल्या.
सूनबाई जेवताना सगळ्यांदेखत म्हणाली, भेटले हो! काय गोड बाई! गॉगल, पित्त, सगळं तुम्ही सांगितलं तस्संच. पण गुडघे फारच धरलेत, डॉक्टरांनी घराबाहेर पडूच नका सांगितलंय. तेव्हा आई, तुमचीही सोबत गेली.
मुलगा म्हणाला, मग प्रश्नच मिटला.
ती बाई नाहीच म्हणावं, तर इतके दिवस एकटी भटकत होते हे कबूल करावं लागतं. नातीकडे बघितलं. ती ताटात बघत म्हणाली, आजी, गुडघे खरे ना?
शपथ मोडणाऱ्यातली नाही ती. सुनेनं स्वतःच्याच डोक्यानं काढलं असणार.

१७, सोमवार. संध्याकाळी ५.
खिडकीत. बाक दिसतो, चपला दिसत नाहीत. सूनबाई निरोप घेऊन आली: गॉगलवाल्या बाईंनी सांगितलंय, गोळी वेळेवर घ्या.
घेतली.
इतकं केलं त्या बाईसाठी, आणि ऐन वेळी सुनेच्या बाजूनं गेली. निश्चय: आजपासून त्या बाईशी अबोला.