ताईचं घर दाखवताना

४ जानेवारी, रविवार

ताईच्या गॅलरीला आज पाटी लागली – ‘विकणे आहे’. त्याच वेळी खाली नाक्यावर मी सभेत बोलत होतो. घर म्हणजे माल नव्हे! वस्ती म्हणजे बाजार नव्हे! टाळ्या पडल्या. मग एकेकाची मान वर जाऊ लागली. मीही वर पाहिलं. नेमका पाटीखालीच उभा होतो. कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार. बेकरीवाला तेवढा हळूच म्हणाला, “सर, चालू ठेवा की.”

चालू ठेवलं. वक्त्याने मध्येच थांबायचं नसतं.

५ जानेवारी

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. ताई माझी थोरली बहीण. तिचं घर आणि माझं घर एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत. मेहुणे गेल्यापासून सकाळी ती ओट्यामागची भिंत उलथन्याने ठोकते. दोन ठोके – चहा झाला, ये. एकच ठोका – साखर संपली, घेऊन ये. आता तिचा गुडघा जिना चढू देत नाही आणि या इमारतीला लिफ्ट नाही. लेकीने तिच्या गावी तळमजल्यावर एक खोली तयार ठेवली आहे. घर विकलं की ताई जाणार. सगळं रास्त आहे.

मी म्हटलं, “वस्ती अशीच रिकामी होते, एकेका गुडघ्याने.”

“भोंग्या, माझ्यापुढे सभा नको.”

घरात मला याच नावाने ओळखतात. बाहेर ‘सर’.

८ जानेवारी

विकायचं म्हणून काढलेली ताईच्या घराची डागडुजी गेल्याच महिन्यात संपली. मधली भिंत पाडली. स्वयंपाकघर आता बैठकीतूनच दिसतं. जुन्या फरशीवर लाकडासारखं काहीतरी चिकटवलं आहे. छताखाली दुसरं छत, त्यात दिवे. ओट्यामागच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत कपाटं. देखणं झालं आहे, नाकारत नाही. दातांची नवी कवळी बसवलेल्या माणसासारखं – हसतं छान, पण ओळखू यायला वेळ लागतो.

कपाटं बसल्यापासून ठोके ऐकू येत नाहीत. ताई दारात येऊन ओरडते, “बहिरा झालास का?” तोवर चहा गार.

९ जानेवारी

दलाल आला होता. गोड माणूस, गोडच असावा लागतो. “काका, ताईंना सारखी ऊठबस नको. किल्ली तुमच्याकडे ठेवा. गिऱ्हाईक आलं की तुम्हीच घर दाखवा. तुमचं बोलणं काय सुंदर आहे!”

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! घेतल्या.

११ जानेवारी, रविवार

पहिलं गिऱ्हाईक – नवराबायको, तरुण. दिवे पाहून खूश. मी ठरवून सुरुवात केली.

म्हटलं, दिवे राहू द्या, वस्ती ऐका. इथे एकांत मिळायचा नाही. पहाटे बेकरीची भट्टी पेटली की पावाचा वास थेट पांघरुणात शिरतो. शेजारी बेल वाजवत नाहीत, हाक मारत आत येतात. आजारी पडलात तर चार घरांतून जेवण येतं, आणि मागोमाग ती चार घरंही येऊन बसतात. कोपऱ्यावरची शिंपीणबाई भर रस्त्यात थांबवून सांगते, बाही उसवली आहे, काढा इकडे. नाक्यावरचं वाचनालय पाडायला माणसं आली तेव्हा आम्ही दारात आडवे झालो होतो. उद्या तुम्हालाही आडवं व्हावं लागेल! तयारी आहे?

मला वाटलं, तोफ बरोबर डागली. बाई डोळे पुसत होती. नवऱ्याला म्हणाली, “अशी जागा अजून असते?”

जिन्यात दलालाने माझा हात हातात घेतला. “काका, हे काम तुम्ही आधीच का नाही धरलंत?”

१२ जानेवारी

ताई हसून हसून खोकली. “तुला साधी निंदासुद्धा धड करता येत नाही रे!”

१७ जानेवारी

आज घसा बसलेला. एक एकटे गृहस्थ आले, वकील. मी दार उघडलं आणि बाजूला उभा राहिलो. त्यांनी नळ सोडून पाहिले, कपाटं उघडली, माझ्याकडे पाहिलं. पुन्हा नळ. पुन्हा माझ्याकडे. “गळतं का कुठे?” मी नाही म्हणून मान हलवली. ते निघून गेले.

दलाल हळहळला. “काका, तुम्ही गप्प राहिलात ना, त्यांना वाटलं काहीतरी लपवताय.”

आयुष्यभर लोकांना सांगत आलो – शब्दाने जग हलतं. खरं आहे. न बोलण्याने ते जागच्या जागी थांबतं, हे आज कळलं.

२० जानेवारी

ते नवराबायको रविवारी पुन्हा येणार. बरोबर नवऱ्याचे वडील. शेवटचा शब्द त्यांचा.

ताई म्हणाली, “हे जमलं तर ठीक. नाहीतर पाटी काढते, लेकीला सांगते राहू दे. सारखं लोकांना घर दाखवायचं, मग त्यांनी नाक मुरडायचं – नको झालंय.”

म्हणजे मला काहीच करायचं नाही. दार उघडायचं आणि तोंड मिटून उभं राहायचं.

२२ जानेवारी

दुपारी वाचनालयातून परतलो. जिन्याच्या वळणावर एक स्टूल. गवंड्यांनी मागे टाकलेलं, रंगाने माखलेलं. त्यावर ताई बसलेली, भाजीची पिशवी पायाशी, तोंड भिंतीकडे. मला पाहून म्हणाली, “वारा खातेय.”

आमच्या जिन्यात वारा येत नाही. खिडकीच नाही.

स्टूल तिथे कधीपासून आहे, विचारलं नाही. पिशवी उचलली. दोघं वर आलो. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढत होती, मी मागे. दाराशी पोचल्यावर म्हणाली, “मघापासून एक शब्द नाही. बरा आहेस ना?”

२४ जानेवारी

सकाळी ठोके ऐकू आले. दोन. गेलो तर कपाट उघडं, डबे सगळे ओट्यावर, आणि ताईचा हात उलथन्यासकट खांद्यापर्यंत आत.

“आता येतं ना ऐकू?”

“येतं.”

२५ जानेवारी, रविवार

मंडळी आली. म्हाताऱ्यांनी दिव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसले, दम घेतला आणि मला विचारलं, “शेजार कसा आहे?”

ताईने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

मी घसा साफ केला आणि बोललो – पहाटेच्या भट्टीपासून सगळं.